सुभाषच्या मापाचं वल्हं

वल्हं किती लांब असावं हे मला कोणी विचारू नये. विचारलं की मी सांगायला लागते, सांगता सांगता माझा आवाज चढतो, आणि समोरच्याला वाटतं की म्हातारी उगाच अंगावर येते आहे. उगाच येत नाही. मागच्या रविवारी इथे सोलापुरात तलावावर फिरायला गेले होते. तिथे आता लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या कयाक आल्या आहेत. लोक जाकिटं घालून त्यांत बसतात, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं हातात घेऊन आधी फोटो काढतात आणि मग काठाकाठाने एक चक्कर मारून येतात. भाड्याने देणारा माणूस चाळिशीचा, गळ्यात शिट्टी, तोंडात मावा. त्याच्या मागे वल्ह्यांचा ढीग, सगळी एका मापाची. एक जोडपं आलं. नवरा ताडमाड, बायको त्याच्या खांद्याला कशीबशी लागणारी. दोघांच्या हातांत त्याने सारखंच वल्हं दिलं. बाई दहा मिनिटांत ओलीचिंब होऊन, खांदा चोळत परत आली आणि नवऱ्याने सगळ्यांदेखत हसून तिला सांगितलं की हे तुझं काम नाही. मी उठले. भाडेवाल्याला म्हटलं, बाईला आखूड वल्हं द्या, तिचा काही दोष नाही. तो शिट्टी बोटाभोवती फिरवत म्हणाला, "आजी, सगळ्यास्नी एकच साइज असती. चालतंय की."

हे 'चालतंय की' मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत रोज ऐकलं आहे. त्या माणसाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्याच्यासाठी नव्हतंच. ते ज्याच्यासाठी होतं तो माणूस जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आण्णा. करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनपासून सायकलने तासाभरावर, धरणाच्या फुगवट्याच्या काठी आमचं गाव. आण्णा गावचे सुतार. घर रस्त्याला लागून, पुढे पत्र्याचं छप्पर, छपराखाली त्यांचं काम. सकाळी रंध्याची सरसर, दुपारपर्यंत वाकसाचे घाव, आणि घराच्या मागे पाणी. मी अगदी लहान असताना हे पाणी नव्हतं, तिथे कोणाकोणाची रानं होती. मग ते चढत चढत आमच्या शेरडांच्या गोठ्यापर्यंत येऊन थांबलं. पाण्याबरोबर मासे धरणारे आले, त्यांच्या होड्या आल्या, आणि होड्यांची डागडुजी आण्णांकडे आली. शेरडांच्या वासात माशांचा वास मिसळला. आई चिलापीला हळद-मीठ लावून तव्यावर टाकायची तेव्हा पार एस.टी. थांब्यापर्यंत कळायचं की सुताराच्या घरी आज काय आहे. आधी आण्णा आणि सुभाष जेवायचे. मधले तुकडे त्यांच्या ताटात, डोकी-शेपट्या माझ्या आणि आईच्या. माशाच्या डोक्यातच खरी चव असते असं आई मला सांगायची. मी तिच्यावर बरेच दिवस विश्वास ठेवला.

आण्णांच्या नजरेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या नजरेवर आहे. लाकडाचा ओंडका बैलगाडीतून उतरायच्या आत ते सांगायचे की कुठे गाठ आहे. माणसाचंही तसंच. लग्नाची कॉट करायची असली तर नवरदेवाला उभं करून मोजायची गरज पडत नसे. तो सुपारी फोडायला आला असताना एकदा बघून ठेवायचे, आणि कॉट बरोबर व्हायची. गावात म्हणायचे, सुताराच्या डोळ्यात मोजपट्टी आहे. मला मात्र त्यांनी कधी धड बघितल्याचं आठवत नाही. ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे बघायचे, पाणी दिलं तर तांब्याकडे.

छपराखाली एक रीत होती. ती आण्णांनी काढलेली नव्हती, त्यांच्या आज्यापणज्यापासून चालत आली होती. दांडा कुठल्याही अवजाराचा असो, माप घरच्या कर्त्या पुरुषाचं घ्यायचं. खोरं ओढणार बाई, टिकाव उचलणार बाई, पण माप नवऱ्याचं. बाई एकटी आली तर आण्णा विचारायचे, "मालक कुटं हायती?" मालक परगावी असले तर सासरा, तो नसला तर दीर, कोणीच नसेल तर तिचा पोरगा, मग तो दहावीत का असेना. ह्याच रितीचा दुसरा भाग असा, की भाऊ वेगळे निघाले आणि अवजारांवरून जुंपली की लोक आण्णांना बोलवायचे. आण्णा दांडा एकेकाच्या अंगाशी धरून बघायचे. ज्याच्या मापाचा दांडा, त्याचं अवजार. त्यावर कोणी पुढे बोलत नसे. बायकांचा ह्यात कुठे प्रश्नच नव्हता. त्या दुसऱ्याच्या मापाच्या दांड्यांनी दिवसभर काम करायच्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या कंबरेला तेल चोळायच्या. ह्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि बरीच वर्षं माझ्याही आलं नाही.

आमच्याच घरातलं मुसळ घ्या. ते आजोबांनी केलेलं, स्वतःच्या उंचीचा अंदाज घेऊन. आजोबांनी जन्मात कधी काही कांडलं नाही. आई ठेंगणी. शेंगांची चटणी कांडताना तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर जायचे, टाचा उचलायच्या, आणि मुसळ उखळात पडलं की ती त्याच्यामागोमाग वाकायची. आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आजही तो मला त्या दोन हातांच्या मधे दिसतो. चटणी मात्र अशी व्हायची की तेल सुटून उखळाच्या तळाशी लाल चकाकायचं. ज्वारीच्या कडक भाकरीवर ती घेऊन मी पाण्याकाठी जाऊन बसायची.

सुभाष माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा चांगला उंच. त्याच्याविषयी मला वाईट लिहायचं नाही. तो आळशी होता, पण खोडसाळ नव्हता. त्याच्या हातात जे पडत गेलं ते त्याने घेतलं, मागितलं कधीच नाही. मागावं लागत नव्हतं ना.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या खेळाच्या सरांनी, माने सरांनी, कुठून तरी दोन जुन्या फायबरच्या कयाक पैदा केल्या. लांबट, अरुंद, एक माणूस पाय पसरून बसेल एवढ्या होड्या. एकीच्या बुडाला भेग होती. ती बुजवायला आण्णांकडे आणली आणि पाणी इथेच आहे म्हणून दोन्ही आमच्या गोठ्यामागेच ठेवल्या. कॉलेजची मुलं संध्याकाळी सायकली मारत यायची, आरडाओरडा करत पाण्यात उलटायची आणि निघून जायची. मग होड्या धुवून उताण्या घालायचं काम माझं. धुता धुता मी एक दिवस बसले. उलटले नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाभळीपर्यंत जाऊन आले. तिथे गावाचा आवाज येत नव्हता, रंध्याचा तर नाहीच. कोणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि मला ती फार आवडली. माने सरांनी एकदा काठावरून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या आधी मला पाण्यात उतरवायला लागले.

मग निवडीची गोष्ट निघाली. जिल्ह्यातून एक मुलगी राज्याच्या स्पर्धेला पाठवायची होती. तिला सोलापूरच्या कॉलेजात प्रवेश आणि वसतिगृहात खोली मिळणार होती. इकडे वैरागच्या एका स्थळाने मला बघून ठेवलं होतं. माणसं बरी होती, घाईत होती. सर आण्णांना भेटले, बराच वेळ बोलले. आण्णांनी शेवटी सांगितलं की निवड झाली तर शिकू दे, नाही झाली तर उन्हाळ्यात उरकून टाकू. त्यांना खात्री होती की निवड होणार नाही, म्हणून शब्द द्यायला त्यांना काही जड गेलं नाही. पण शब्द दिला होता आणि तो सरांसमोर दिला होता. मला तेवढं पुरे होतं.

अडचण वल्ह्याची. होड्यांबरोबर एकच धड वल्हं आलं होतं आणि ते मुलांच्या निवडीसाठी जाणार होतं. सर म्हणाले, घरात सुतार असताना काळजी कसली. त्यांनी ते वल्हं छपराखाली आणून आण्णांना माप कसं घ्यायचं ते दाखवलं. खालचं पातं जमिनीवर टेकवून वल्हं अंगासमोर उभं धरायचं. एक हात सरळ वर करायचा. बोटं वरच्या पात्याच्या कडेवरून जेमतेम मुडपली पाहिजेत. पोचत नसतील तर वल्हं लांब, मनगट वर जात असेल तर आखूड. लांब झालं तर पातं होडीपासून दूर पडतं, होडी सरळ जायची सोडून नाक डावी-उजवीकडे फिरवत बसते, आणि पाणी वल्ह्यावरून ओघळून मांडीत येतं. फार आखूड झालं तर बोटं होडीच्या कडेला सोलवटतात. आण्णांनी सगळं नीट ऐकलं. मुलीच्या मापाचं करा, असं सर जाताना पुन्हा एकदा म्हणाले.

सर वळणावरून दिसेनासे झाल्यावर आण्णांनी सुभाषला हाक मारली. त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटांच्या पेरांशी गेरूची रेघ ओढली. मी चहाच्या कपबश्या हातात घेऊन तिथेच उभी होते. मी म्हटलं की वल्हं माझ्यासाठी आहे, पाण्यात मी जाणार आहे, सुभाषला पोहता पण येत नाही. आण्णांनी भिंतीवरची नजर काढली नाही.

"घरात माप एकाचंच आस्तंय," एवढंच म्हणाले.

आठ दिवस त्यांनी त्या वल्ह्यावर काम केलं. शिवणीचं लाकूड, हलकं आणि पाण्याला टिकणारं. दोन्ही पाती मधे जाड, कडेला इतकी पातळ होत गेलेली, की उन्हात धरलं तर कडेतून उजेड लालसर दिसायचा. दांडा इतका गुळगुळीत की हात त्याच्यावर आपोआप सरकायचा. वर जवसाच्या तेलाचे तीन हात. पुढे मी पुष्कळ वल्ही हाताळली, पण इतकं देखणं वल्हं पुन्हा पाहिलं नाही. हे लिहिताना आज मला जो राग येतो तो ह्याचाच. वाईट केलं असतं तर सोपं होतं.

पाण्यात ते मला आवरेना. हात वर करून बघितला तर माझी बोटं पात्याच्या कडेच्या चांगली खालीच राहत होती. डावीकडे मारलं की होडी उजवीकडे पळायची, उजवीकडे मारलं की डावीकडे. बाभळीपर्यंत जायला पूर्वीपेक्षा दीडपट वेळ लागायला लागला. मांडीत पाणी, खांद्यात कळ, रात्री कूस बदलताना हात दुसऱ्या हाताने उचलून ठेवावा लागे. सर बघायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले की निवडीला चौघी आहेत आणि ह्या वल्ह्याने तू पाचवी येशील. त्यांना वाटलं आण्णांचा अंदाज चुकला. मी त्यांना गेरूची रेघ दाखवली नाही. लाज वाटली. कोणाची वाटली ते अजून मला सांगता येत नाही.

मी आण्णांना म्हटलं, कापून द्या. ते म्हणाले की चांगल्या लाकडाला ते करवत लावत नाहीत, सवय कर. मी म्हटलं सवय होत नाही. त्यावर पानाला चुना लावत ते म्हणाले, "तुज्या आयला न्हाय झाली व्हय?" आई तिथेच भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. त्या क्षणी मला आण्णांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

गुरुवारी दुपारी जेवून आण्णा ओसरीत आडवे झाले, तोंडावर उपरण्याचा पदर. निवड रविवारी होती. मी छपरातून बारीक दात्याची करवत उचलली आणि वल्हं घेऊन मागे गोठ्यात गेले. वल्ह्याला दोन्हीकडे पाती, त्यामुळे टोकाकडून कापता येत नाही. मधोमध कापायचं, एका अर्ध्यातून हवं तेवढं काढायचं आणि दोन्ही पुन्हा जोडायचे. कापायचं कसं ते लहानपणापासून बघत आले होते. जोडायचं कसं ते मला येत नव्हतं. मी मधोमध करवत टेकवली आणि ओढली. शिवणीचा भुसा पिवळा, गोडसर वासाचा. पहिले चार-पाच हात आवाज इतका मोठा वाटला की मी थांबले. मान वर केली तर आई दारात. तिने वल्ह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. जरा वेळाने उखळात मुसळ पडायला लागलं. चटणी कालच कांडून झाली होती, गाडगं भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आई पुन्हा शेंगा कांडत होती, तेही भर दुपारी, आणि नेहमीपेक्षा जोरात. मी मुसळाच्या ठोक्याला करवत ओढत राहिले. वल्ह्याचे दोन तुकडे झाले.

आता एका तुकड्यातून जास्तीचं काढायचं. माझ्या मापाने आठ बोटं जायला हवी होती. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा आठच आली. आणि तरी मी चारवर खूण केली. का, तर एवढं देखणं लाकूड, आणि ओसरीत ते झोपलेले. चार बोटं कापली तर सांगता येईल की थोडंसंच कापलं. हे माझं मीच ठरवलं, मला कोणी सांगितलं नव्हतं. तो चार बोटांचा तुकडा आईने संध्याकाळी चुलीत घातला. त्याच्यावर एक भाकरीही धड भाजली नसेल. मी नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "मी चटणी कांडत हुते. मला काय ठावं?"

जोड मी पाइपाचा केला. पाण्याच्या मोटारीचा लोखंडी पाइप, त्याचा हातभर तुकडा गोठ्यात पडला होता. दोन्ही अर्धे त्यात ठोकून बसवले, पाती एका रेषेत यावीत म्हणून ओट्यावर आडवं ठेवून बघितलं आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन खिळे मारले. मग वल्हं जिथे उभं असायचं तिथेच नेऊन उभं केलं. पाइप लांबूनही दिसत होता. आण्णा त्याच्यासमोरून गेले-आले, जेवले, पान खाल्लं. एक शब्द बोलले नाहीत. ते बोलत नसले की घरात कोणी बोलत नसे, सुभाषसुद्धा. तीन दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

रविवारी वल्हं जुन्या गोधडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकलं आणि सोलापूरच्या बाहेर हिप्परग्याच्या तलावावर गेले. बरोबर आईने दिलेली चटणी-भाकरी. त्या रविवारी चौघींतून दोघी निवडायच्या होत्या आणि पुढच्या रविवारी दोघींतून एक. चार बोटांनी फरक पडला होता. होडी बरीचशी सरळ जात होती आणि निम्म्या अंतरापर्यंत मी पुढे होते. मग पाइपातला एक खिळा ढिला झाला. उजवं पातं त्याच्या दांड्यासकट पाइपात फिरलं आणि पाण्यात चाकूसारखं आडवं शिरायला लागलं. प्रत्येक वेळी मनगटाने ते वळवून घ्यायचं आणि मग मारायचं. बार्शीची एक मुलगी माझ्या डाव्या बाजूने शांतपणे पुढे निघून गेली. मी दुसरी आले, तिसरीच्या जेमतेम पुढे. सरांनी पाइप हातात घेऊन बघितला, पात्यावर माझी बोटं कुठवर पोचतात ते बघितलं आणि म्हणाले, एवढं केलंस तर पुरतं का नाही केलंस. मी वल्हं गोधडीत गुंडाळायला घेतलं.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. आण्णा छपराखाली बसले होते, हातात काम नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी वल्हं दिलं. आधी त्यांनी पाइपावरून अंगठा फिरवला. सुताराच्या घरात पाइप, असं काहीसं पुटपुटले. कापण्यापेक्षा तो पाइपच त्यांना जास्त लागला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग विचारलं, "किती कापलंस?"

मी म्हटलं, चार बोटं.

त्यांनी मला उभं केलं नाही, हात वर करायला सांगितला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "आट जायला पायजे हुती," म्हणाले. आणि जरा थांबून, "त्या दिशी पडल्या पडल्या ऐकत हुतो. पयल्या कापाला धीर हुता. दुसऱ्याला भ्यालीस."

मी तिथेच उभी राहिले. आईने एवढं कांडलं ते फुकट गेलं होतं. पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आठ बोटं. मी दोनदा मोजून काढलेली आठ बोटं त्यांना न मोजता माहीत होती. इतकी वर्षं मी समजत होते की ह्या माणसाने मला कधी नीट पाहिलंच नाही. त्या रागाची मला सवय झाली होती, तो राग मी जोडे घालावेत तसा रोज घालून हिंडत होते. रीत आहे, डोळ्यांवर झापड आहे, माप घ्यायचं सुचलंच नाही, असं मानून मी त्यांना निम्मं सोडून दिलं होतं. आणि त्यांना माझं माप बोटाबोटाने ठाऊक होतं. मी विचारलं, "ठावं हुतं, तर मग माज्या मापाचं का न्हाय केलं?"

ते रागावले नाहीत. हे लाकूड शिवणीचं आणि ते बाभळीचं, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"वल्हं हितं ऱ्हाणार हाय. तू न्हाईस."

मी आत गेले आणि करवत घेऊन आले. त्यांच्यासमोर खिळे उपटले, पाइप काढला, तोच अर्धा तुकडा फळीवर ठेवला आणि आणखी चार बोटांवर खूण केली. त्यांना विचारलं नाही. एका हाताने धरून दुसऱ्याने कापायला लागले तर लाकूड हलत होतं आणि करवत उड्या मारत होती. तेव्हा आण्णा उठले आणि त्यांनी लाकडाच्या टोकावर पाय ठेवला. लाकूड हलायचं थांबलं. मी कापलं. काप सरळ आला. त्यांनी पाय काढून घेतला आणि हात धुवायला मागे गेले.

हे मी सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझी मुलगी तर दर वेळी म्हणते, बघ आई, शेवटी धरलं ना त्यांनी. धरलं. शिवणीच्या लाकडात तिरका काप गेलेला त्यांना बघवला नसता. रस्त्याने जाणारा कोणी परका कापत असता तरी त्यांनी पाय ठेवला असता. त्यात माया शोधू नका, मी शोधून बघितली आहे.

जोड ह्या वेळी सायकलवाल्याकडून आणलेल्या बोल्टांचा केला, गिरमिटाने आरपार भोकं पाडून. पुढच्या रविवारी बार्शीची मुलगी माझ्या मागे राहिली, अगदी सुरुवातीपासून. वैरागच्या माणसांना निरोप गेला. आण्णांनी शब्द पाळला, तोंड फिरवून पाळला. निवडीबद्दल घरात कोणी गोड केलं नाही.

वसतिगृहाला निघायच्या दिवशी पत्र्याची पेटी, वळकटी आणि वल्हं अंगणात ठेवलं होतं. सुभाषने आदल्या संध्याकाळी ते पाण्यात नेऊन बघितलं होतं, पहिल्यांदाच. बोटांची सालं काढून घेऊन दहा मिनिटांत परत आला होता. आई चटणीचं गाडगं फडक्यात बांधून उभी होती. शेजारचे दोघे-तिघे निरोपाला आले होते. आण्णा छपरातून म्हणाले, "वल्हं ठिव. ते घराचं हाय."

मी वल्हं उचललं, खालचं पातं अंगणात टेकवलं, आण्णांच्या समोर ते सरळ उभं धरलं आणि हात वर केला. माझी बोटं वरच्या पात्याच्या कडेवरून मुडपली, जेमतेम, सरांनी दाखवली होती तशी. ज्याच्या मापाचा दांडा त्याचं अवजार, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आण्णांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. आधी वल्ह्याकडे, मग माझ्याकडे. कोणी पुढे बोललं नाही. मी पेटी उचलली, वल्हं खांद्यावर टाकलं आणि एस.टी. गाठली.